रोलंडला प्रोपेलर दाखवू नका

शनिवारी सकाळी आमच्या दारात एखादी मोटार थांबली आणि तिच्या टपावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक बांधलेलं दिसलं, की मी किटलीत पाणी कमीच भरते. चांगला चहा वाया कशाला घालवायचा? येताना ही माणसं हसत येतात, जाताना त्यांच्या तोंडची रया गेलेली असते आणि कप अर्धा तसाच राहतो.

पायपुसण्यावर बूट घासता घासताच ते सुरू करतात. "आमच्या आजोबांनी जर्मन विमान पाडलं होतं. त्याचा हा प्रोपेलर." आजोबा बदलतात, विमान बदलत नाही. पहिल्या महायुद्धात जेवढी जर्मन विमानं उडालीसुद्धा नसतील, तेवढी आमच्या लिंकनशायरच्या आजोबांनी पाडलेली आहेत. माझा धाकटा भाऊ रोलंड यावर फक्त "हं" म्हणतो आणि ते धूड माझ्या जेवणाच्या टेबलावर आडवं करतो. माझ्या टेबलावर. माझ्या घरात. मी विधवा झाले, तो निवृत्त झाला, तेव्हा मीच म्हणाले होते, "ये राहायला, एकमेकांना सोबत होईल." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत झाली. शनिवारचं जेवण मी मांडीवर ताट घेऊन करते.

रोलंड आधी टेप लावतो. मग फळ्यांचे थर मोजतो, कारण जुना लाकडी प्रोपेलर एका ओंडक्यातून कोरलेला नसतो, अक्रोडाच्या किंवा महोगनीच्या फळ्या एकावर एक चिकटवून, मग तासून काढलेला असतो. मग पात्याच्या टोकाचा पितळी पत्रा बघतो. मग मधल्या तुंब्यावर, जिथे बोल्टची भोकं असतात, तिथे खडू चोळतो. तिथे ठसे असतात. कुठल्या इंजिनाचा, किती अश्वशक्तीचा, व्यास किती, एका फेऱ्यात विमानाला किती पुढे नेणार, कुणी बनवला, कुणी तपासला. सगळी कुंडली तिथे. ठसे असले तर रोलंड सालापर्यंत पोचतो. नसले तर पोचत नाही, आणि बहुतेक वेळा ते नसतातच, कारण आमची माणसं.

आमच्याकडे कामवाली यायच्या आधी घर आवरून ठेवणाऱ्या बायका आहेत. डॉक्टरकडे जायचं तर नवे मोजे घालणारे पुरुष आहेत. कुणाला काही दाखवायचं तर ते आधी चकचकीत केलं पाहिजे, हे आम्हाला आईच्या दुधातून मिळतं. ग्रिम्सबीच्या एका जोडप्यानं दोन शनिवार-रविवार खपून आपला प्रोपेलर पॉलिश पेपरनं घासला, वर व्हार्निशचे हात दिले आणि अभिमानानं आणून ठेवला. आरशासारखा दिसत होता. त्या बाईनं विचारलं, "छान झालाय ना?"

"बाई," रोलंड म्हणाला, "तुम्ही याचा जन्मदाखला घासून टाकलात."

दुसऱ्या एकानं तुंबा कोरून त्यात घड्याळ बसवलं होतं. तिसऱ्याच्या मामानं जिन्यातून वर जाईना म्हणून दोन्ही टोकं करवतीनं उडवली होती. आणि चौथ्यानं पुष्कळ पैसे मोजून आणलेला तर कुठल्याशा दारूच्या दुकानात शोभेला म्हणून बनवलेला निघाला. रोलंडनं तसं तोंडावर सांगितलं. "हा विमानाच्या जवळूनसुद्धा गेलेला नाही." तो माणूस इतका लाल झाला की मला वाटलं आता इथेच आडवा होतो. मी रोलंडला स्वयंपाकघरात खेचून म्हटलं, "अरे, थोडं गोड बोललास तर तुझी जीभ झडेल का?"

"गोड म्हणजे खोटं?"

"गोड म्हणजे गोड!"

"मोजून जे निघतं तेवढंच सांगता येतं," तो म्हणाला आणि परत टेपकडे गेला.

हे त्याचं असं का, ते सांगते. रोलंड इंगामेल्स सगळी नोकरी काउंटीच्या वजनमापे खात्यात होता. दुकानांचे ताजवे तपासायचे, पबमधला बिअरचा ग्लास पुरा भरतो का बघायचं, कोळशाची गोणी तोलायची. तिशीच्या आत त्यानं आमच्या सख्ख्या मावशीच्या किराणा दुकानाचा ताजवा खोटा आहे, असा शेरा मारला. खोटा म्हणजे किती, तर चिमूटभर. हेस्टर मावशीला कोर्टात उभं राहावं लागलं. त्यानंतर तिनं आम्हाला नाताळचा केक कधी पाठवला नाही. ती वारली तेव्हा दफनाच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "बिचारी किती सचोटीची होती." रोलंडनं सँडविच खाली ठेवलं. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली म्हणून निभावलं.

पण एक सांगितलं पाहिजे. तपासायला सांगितल्याशिवाय तो तपासत नसे. दुसऱ्याच्या हद्दीतल्या दुकानात मापात मारताना दिसलं, तर हा तोंड फिरवून उभा राहायचा आणि बिस्किटांच्या डब्यांकडे बघत बसायचा. "तक्रार आली तर बघणं माझं काम. नाही आली तर ती चहाडी." त्याचे असले नियम. मला वाटायचं, काय हा माणूस, धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

आता आमच्या हॉर्कबी गावच्या हॉलमधला प्रोपेलर.

आमचा हॉल म्हणजे युद्धानंतर स्वस्तात मिळालेली लष्कराची लाकडी बराक. हिवाळ्यात आत शिरलं की ओल्या कोटांचा आणि रॉकेलच्या शेगडीचा वास येतो. चहा द्यायच्या खिडकीच्या वर, भिंतभर आडवा, दोन पात्यांचा एक प्रोपेलर टांगलेला आहे. त्याच्या खाली एका तरुणाचा फोटो, विमानापाशी उभा. तो एडविन मॉल्टबी. सतरा सालच्या एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये विमानासकट पडला. चिखलानं त्याला गिळलं, थडगं नाही, काही नाही. मागे बायको राहिली, लोइस, पोटुशी. त्या उन्हाळ्यात जी मुलगी झाली, ती आमची थर्झाबाई.

गावात सगळ्यांना पाठ असलेली हकीकत अशी. युद्ध संपल्यावर लिंकनजवळच्या एका गोदामात विमानांचं सामान ढिगानं विकायला काढलं होतं. लोइस मॉल्टबी लहानग्या थर्झाला बहिणीकडे टाकून तिथे गेली. गोदामातल्या माणसाला तिनं एकेक प्रोपेलर बाहेर काढायला लावला, अख्खा ढीग उपसला, आणि शेवटी एकावर हात ठेवून म्हणाली, "हा." नवऱ्याच्या विमानाचा प्रोपेलर तिनं बरोबर ओळखला म्हणे! मालवाहू गाडीवर घालून तो गावात आणला आणि हॉल उघडला तेव्हा हॉलला देऊन टाकला. दर शनिवारी स्टुलावर चढून ती तो पुसायची. पुसताना एकच वाक्य म्हणायची, "हा गुणाचा आहे. यानं कुणाचं वाईट केलं नाही."

हे वाक्य थर्झाबाईनं मला कितीदा तरी सांगितलं होतं. लहानपणी तिला त्याचा राग यायचा. "मी म्हणायची, आई, हाच तर बाबांना घेऊन पडला, याचं कसलं गुणगान करतेस? पण आई काही बोलायची नाही. दुःखानं तिचं डोकं जरा फिरलं असेल." आई गेल्यावर ते फडकं थर्झाबाईकडे आलं. पोस्टाच्या खिडकीत तिनं आयुष्य काढलं, लग्न केलं नाही. ऐंशीला टेकली तरी शनिवारी स्टुलावर चढायची. आणि नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीची प्रार्थना झाली, सगळे छातीवरचं पॉपीचं कागदी फूल सांभाळत चर्चमधून घरी निघाले, की ती एकटी हॉलवर जाऊन त्या प्रोपेलरखाली उभी राहायची. दुसऱ्यांच्या बापांना थडगी होती, तिला हे होतं.

शहाण्णव सालच्या सप्टेंबरात हबर्ट डाऊस आमच्या घरी आला. हबर्ट हॉल समितीचा अध्यक्ष. मालट्रकांचा धंदा होता त्याचा, त्यामुळे तो साधं बोलला तरी इंजिन चालू असल्यासारखं ऐकू येतं. त्यानं टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि उघडलं. पितळी पाटी. वर सुबक अक्षरांत कोरलेलं: "लेफ्टनंट एडविन मॉल्टबी यांच्या विमानाचा प्रोपेलर. फ्रान्स, एप्रिल १९१७."

"स्मृतीच्या रविवारी लावायची. थर्झाबाईच्या हस्ते. बाई आता किती दिवसांची सोबतीण! आणि समितीचं म्हणणं पडलं की, रोलंड, तू एवढा जाणकार, तू एकदा बघून खाली एक ओळ सांगावीस. कुठलं विमान, कितीचं इंजिन. तेवढी जागा सोडलीय बघ."

बघा ही रीत! पाटी आधी कोरून आणली आणि मग विचारायला आला.

रोलंडनं पाटीकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "मला नका विचारू, हबर्ट."

"अरे, लाजतोस काय!"

"लाजत नाही. विचारू नका म्हणतोय. पाटी लावा, मला त्यात घेऊ नका."

"समितीनं एकमतानं ठराव केलाय, बाबा! आता तुला सुटका नाही," असं म्हणून हबर्टनं त्याच्या पाठीवर थाप मारली, माझ्या मनुका घातलेल्या प्लम ब्रेडचे दोन जाड तुकडे लोणी लावून खाल्ले आणि गेला.

मी भांडी विसळता विसळता थांबले. माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. रोलंड आठ वर्षं माझ्याबरोबर दर गुरुवारी हॉलवर पत्ते खेळायला येत होता. आणि आठ वर्षं एकाच खुर्चीवर बसत होता. प्रोपेलरकडे पाठ करून. मला वाटायचं, शेगडी जवळ पडते म्हणून.

"रोलंड, तो थर्झाबाईच्या वडलांचा नाहीये, होय ना?"

त्यानं नुसती मान डोलावली.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या गुरुवारपासून," तो म्हणाला. "एनिड, खाली फोटो आहे. फोटोतल्या विमानाच्या प्रोपेलरला चार पाती आहेत. वर टांगलाय तो दोन पात्यांचा."

मी खुर्चीत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पंचाहत्तर वर्षं अख्खं गाव त्या फोटोखालून चहाचे कप नेत होतं आणि एका माणसानं चारपर्यंत मोजलं नव्हतं. त्यात मीही आले.

"आणि तो उलटा टांगलाय," रोलंड पुढे म्हणाला. "मागची बाजू पुढे. पण तेही कुणी विचारलं नव्हतं."

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात नुसती धुसफूस चालली. मी त्याला सांगून पाहिलं, दटावून पाहिलं, रडूनही पाहिलं. "तुला फक्त एक शब्द बोलायचाय. 'असेल.' असेल म्हणायला काय जातं? ती बाई ऐंशीला आली. तिला बाप म्हणून तेवढं एक लाकूड आहे. ते तू काढून घेणार?"

"मी काढत नाही. त्यांनी मला विचारू नये."

"अरे, पण विचारलंय ना आता!"

"म्हणून तर."

"मावशीला कोर्टात उभं केलंस, आता हिला कर! तुझ्या ताजव्यात माणूस कधी घालून बघितलास का रे?"

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी खरोखरच विटले होते. त्या संध्याकाळी त्यानं जेवण अर्धवट टाकलं आणि शेडमध्ये जाऊन बसला. मला वाटलं, बसू दे.

एका बुधवारी दुपारी हबर्टनं दोन माणसं लावून प्रोपेलर खाली काढला आणि दोन टेबलं जोडून त्यावर ठेवला. समितीची मंडळी जमली. थर्झाबाई पुढच्या खुर्चीत, ठेवणीतला निळा कोट घालून, हातात ते फडकं. रोलंड कामाला लागला. टेप, थर, पितळ, खडू. बोल्टच्या भोकांत त्यानं छोटा टॉर्च धरून आतून बघितलं, एकेका भोकात बोट फिरवलं. मी मागे उभी राहून मनात म्हणत होते, असेल म्हण. बाबा रे, असेल म्हण.

हबर्ट म्हणाला, "हां, तर काय ओळ लिहायची?"

रोलंड हबर्टकडे वळलाच नाही. तो थर्झाबाईच्या समोर जाऊन उभा राहिला. "मिस मॉल्टबी, तुम्हाला ऐकायचंय का? नको असेल तर मी घरी जातो."

"सांगा की," ती हसून म्हणाली. तिला कसलीच शंका नव्हती.

"हा दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनाचा आहे. अठरा सालचा. तुमचे वडील गेले त्यानंतर वर्षभरानं बनलेला. त्यांच्या विमानाचा हा नाही. आणि..." तो थांबला. मी डोळे मिटले. झालं तेवढं पुरे नव्हतं का? "आणि हा कधी उडालेला नाही. कुठल्याच विमानावर चढलेला नाही."

थर्झाबाईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, नुसतं. मग तिनं फडक्याची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि उठून चालू लागली. दारापाशी तिला कोटाची गुंडी लावता येईना. मी धावले, तर म्हणाली, "राहू दे एनिड, मला येतं."

त्यानंतर गावानं आमच्याकडे पाठ फिरवली. खाटकाकडे माझा नंबर आला की त्याला आत काहीतरी काम निघायचं. गुरुवारी पत्त्यांना रोलंडच्या जोडीला कुणी बसेना. हबर्टनं रस्त्यात सर्वांदेखत सुनावलं, "तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव. पाटी आहे तशीच लागणार. समितीचा ठराव आहे!" म्हणजे ज्याला बघायला बोलावलं त्यानं बघून सांगितलं, तर दोष त्याचाच. मला हबर्टचा संताप आला, गावाचा आला आणि सगळ्यांत जास्त रोलंडचा आला, कारण तो उलट एक शब्दसुद्धा बोलत नव्हता. त्याच्या टेबलावर, म्हणजे माझ्या टेबलावर, कुणाचासा प्रोपेलर येऊन पडला होता. त्याला त्यानं हात लावला नाही.

थर्झाबाई त्या शनिवारी हॉलवर गेली नाही. पुढच्याही नाही. तिचं दार मी दोनदा वाजवलं, उघडलं नाही. पडदा मात्र हलला.

स्मृतीचा रविवार तोंडावर आला, तेव्हा एका सकाळी ती आमच्या मागच्या दारात उभी. निळा कोट नव्हता, घरातलाच स्वेटर. मला वाटलं, आता ही माझ्या भावाला चार शब्द सुनावणार, आणि मी बाजूला झाले. सुनावावेत, माझी ना नव्हती.

"मिस्टर इंगामेल्स," ती म्हणाली, "उडाला नाही हे तुम्हाला कशावरून कळलं?"

"दाखवतो," रोलंड म्हणाला. त्यानं कोट घेतला.

प्रोपेलर अजून त्या दोन टेबलांवरच होता. वर टांगायला कुणी पुढे आलं नव्हतं. रोलंडनं टॉर्च तिच्या हातात दिला. "बोल्ट आवळले की लोखंडी तबकडी लाकडात रुतते. इथे गोल वण पडतो, कायमचा. कुठे दिसतो का बघा." तिनं वाकून पाहिलं. नव्हता. "आता भोकात बोट घाला. विमान उडत असताना बोल्ट ओढ घेतात, भोक लांबट होतं, तेल मुरतं, लाकूड काळं पडतं. हे कसं आहे?"

थर्झाबाईनं एका भोकात बोट घातलं. सुरकुतलेलं, सांध्याशी वाकडं झालेलं बोट. ते तिनं आत हळूहळू फिरवलं.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली. "नवं आहे."

"नवंच आहे. गोदामातल्या ढिगात वापरलेलेही असायचे, कोरेही असायचे. वापरलेलेच जास्त. पण फरक कुणालाही कळतो, बोट घातलं की झालं. त्याला जाणकार लागत नाही."

ती तशीच उभी राहिली, बोट भोकातच. मग तिनं विचारलं, "म्हणजे आईला कळलं असणार?"

"ढीग उपसला ना त्यांनी? मग कळलं असणारच."

मी तिच्याकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. तिनं बोट भोकातून काढलं आणि पात्यावर तळवा टेकवला. "एनिड," ती म्हणाली, "आई बाबांचा शोधत नव्हती गं."

"मग काय शोधत होती?" मी विचारलं.

"तिनं कधी म्हटलंच नाही, की हा बाबांचा. लोकच म्हणाले. मीच म्हणत आले. ती एकच म्हणायची..."

यानं कुणाचं वाईट केलं नाही.

मला लोइस मॉल्टबी दिसायला लागली. पंचविशीतली पोर, काळे कपडे, त्या ढिगापुढे उभी. गोदामातला माणूस वैतागून एकेक बाहेर काढतोय आणि ती भोकात बोट घालून म्हणतेय, हा नको. हाही नको. हा कुणालातरी वर घेऊन गेलेला आहे. पुढचा काढा. एवढ्या ढिगातून तिनं असा एक निवडून काढला, की जो कुणाच्या नवऱ्याला घेऊन पडला नव्हता आणि ज्यानं पलीकडच्या कुणा पोराला पाडलंही नव्हतं. आणि तो आणून लावला डोळ्यांसमोर, आभाळापासून लांब, जिथे लोक चहा पितात. पोरीनं रागानं विचारलं तरी ती गप्प राहिली. गावानं ओळखला ओळखला म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांनाही बोलली नाही. काय बोलणार? हा कुणाचा, असं कुणी विचारलंच नव्हतं.

थर्झाबाई रडत होती. आवाज न करता, नाक पुशीत. "आणि मी समजत होते तिचं डोकं फिरलंय," असं दोनदा म्हणाली. रोलंड खिशातून रुमाल काढायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या हातात सारखा टेप येत होता. शेवटी मीच माझा दिला.

पाटी हबर्टनं मुकाट्यानं परत नेली. तो तेवढा वाईट नाही. आधी "पण ठराव..." म्हणाला खरा. थर्झाबाई म्हणाली, "हबर्ट, माझ्या आईची पाटी मी सांगेन तशी होईल." त्यावर त्याचं इंजिन एकदम बंद पडलं. नवी पाटी अजून लागायची आहे. समिती अक्षरांच्या आकारावर भांडते आहे, नेहमीप्रमाणे.

रविवारी चर्चमधून सगळे थेट हॉलवर आले. थर्झाबाईनं यायला सांगितलं होतं. प्रोपेलर परत भिंतीवर चढला होता, आणि रोलंडनं हट्टानं तो पुढची बाजू पुढे करून टांगायला लावला होता. त्यापायी नवी खुंटी ठोकावी लागली, भिंतीचा रंग उडाला आणि तो रंग द्यायचं काम कुणाचं, यावर वाद झाला. थर्झाबाईनं चार वाक्यांत आईची गोष्ट सांगितली. खाटीक माझ्या शेजारी उभा होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, मग परत काढली.

चहा झाल्यावर ती फडकं घेऊन स्टुलाकडे निघाली, तर रोलंडनं स्टूल धरलं. मी कप गोळा करत होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मिस मॉल्टबी, एक सांगायचं राहिलं. तो खाली होता तेव्हा मी मधोमध सळईवर ठेवून बघितला. एवढ्या वर्षांनीसुद्धा दोन्ही बाजू बरोबर तोलतात. उत्तम बनवलाय. उडाला असता तर फार छान उडाला असता."

आता हे सांगायची काही गरज होती का? सांगा तुम्हीच. मी कप ठेवून पुढे सरसावले.

पण थर्झाबाई स्टुलावर चढली होती आणि पात्यावरून हलक्या हातानं फडकं फिरवत होती. "नको," ती म्हणाली. "आहे इथेच बरा आहे."